तळाला घंटेचा शिक्का

“किती घासायचं गो हिला? काळी ती काळीच!” विमलबाई पुटपुटल्या आणि त्यांनी चिंचेचा आणखी एक गोळा माझ्या पाठीवर दाबला.

मित्रांनो, ती काळी म्हणजे मी. मी एक जुनी ब्राँझची मूर्ती आहे. रोह्यातल्या माधवरावांच्या देवघरात माझं आयुष्य गेलं. विमलबाई या घरी कामाला येतात. दोष त्यांचा नाही. इथे पितळेची समई आणि मी एकाच चिंचेने घासल्या जातो. माझा काळपट रंग म्हणजे मळ नव्हे, ते माझं कातडं आहे. पण हे सांगायला मला ओठ दिलेत, जीभ नाही.

त्या दिवशी घासण्याची घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिका नदीपल्याड, अष्टमी गावाच्या बाजूला बांधलेल्या नव्या देवळात मला देवी म्हणून बसवणार होते. माझा तळ कायमचा सिमेंटमध्ये जाणार होता. आणि मी खरी कोण, हे सांगणारी खूण त्या तळालाच होती.

मी जन्मले पेणला, मूर्तिकार कमळाकरच्या कारखान्यात. गणपतींच्या रांगांमागे त्याची बायको शालन स्टुलावर बसायची. ती रोह्याची, याच घरातली थोरली लेक. हातात शाडूचा गोळा धरून हसायची. हसू नकोस म्हटलं की जास्तच. तिला बघून त्याने मला घडवलं, आधी शाडूत, मग मेणात. गणपती पाण्यात जाणार, म्हणून तो त्यावर कधी नाव घालत नसे. माझ्यावरही नाही घातलं. तळाशी, मेणात, नुसता अंगठा दाबला. मुंबईच्या ओतशाळेने शेजारी आपला घंटेचा शिक्का उठवला, साल घातलं आणि मला ब्राँझमध्ये ओतलं.

पहिल्याच बाळंतपणात शालन गेली. कमळाकर मला तिच्या माहेरी ठेवून गेला. मूर्तिकाराशी लग्न केलं म्हणून या माहेराने त्याच दिवशी तिला मेली समजून तिच्या नावाने आंघोळ केली होती. तिच्या आईने शालनच्या धाकट्या भावंडांसमोर, माधव-लतिकासमोर, मला पदराने झाकलं आणि नवऱ्याला सांगितलं, शेतात देवी सापडली. लेकीला घरात जागा नव्हती, देवीला होती. तेव्हापासून माझ्या हातातल्या शाडूच्या गोळ्याला सगळे देवीच्या हातातलं म्हाळुंग फळ म्हणतात.

आणि या घरात गणपती पेणहून येत नाही. पेण जवळ, पण हे घरचे त्याहून लांबच्या पनवेलच्या दुकानातून आणतात. तो तिथे पेणहूनच आलेला असतो. पण ते कोणी बोलत नाही.

“विमलमावशी, थांबा!” ईरा धावत आली. माधवरावांची ही नात जुन्या धातूच्या वस्तू तपासायला शिकली आहे. तिने मला मांडीवर उलटं घेतलं, कडेची चिंच नखाने काढली आणि टॉर्च आडवा धरला.

“आजोबा, कोण म्हणतं ही दोनशे वर्षांची? हा ओतशाळेचा शिक्का बघा.”

“कुणीतरी मागाहून ठोकला असेल,” माधवराव पेपरातून मान वर न करता म्हणाले.

“ठोकला असता तर आत गेला असता. हा वर उठलाय, मूर्तीबरोबरच ओतलाय. साल तेवढं तुमच्या चिंचेने खाल्लं. पण घंटेवर कमान आहे ना? ही ओतशाळा आधी नुसती घंटा उठवायची. कमान आली एकोणीसशे साठनंतर. म्हणजे देवी तुमच्याहून लहान निघाली, आजोबा!”

ती एकटीच हसली. दारात माधवरावांची धाकटी बहीण लतिका उभी होती. तिच्या हातातली परडी कलली आणि झेंडू घरंगळले.

“आणि शेजारी हा अंगठा कुणाचा?”

“देवीचा तळ बघू नये,” माधवराव म्हणाले. “लतिका, हार कर.”

लतिका हार करायला बसली. सुई बोटात गेली, तरी तिने ती ओढून पुढचं फूल ओवलं.

सकाळी देवळात ढोल वाजत होता. गवंडी आदेश घमेल्यात सिमेंटचा माल कालवून उभा होता.

“एकदा पेणच्या मूर्तिकारांना तरी विचारू या,” ईरा विनवत होती. “कुणाला तरी तो अंगठा माहीत असेल. एकदा बसवली की संपलं, आजोबा.”

“मुहूर्त टळतोय.”

“काका, माल सुकाय लागला,” आदेश म्हणाला. “बसवू काय?”

माधवराव पुढे आले. एका बाजूने त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूने आदेशने. सिमेंटचा गारवा माझ्या तळाला लागला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना चकचकीत करू नका. मऊ, कोरडं फडकं पुरे. आणि त्यांना एकदा तरी उलटून बघा. कुणी बघू नको म्हणालं, तर नक्की बघा.

मला खाली उतरवताना माधवरावांचा अंगठा माझ्या तळाखाली सरकला आणि कमळाकरच्या अंगठ्याच्या खळग्यात जाऊन बसला. ते थबकले. अंगठा निघेना.

“सोडा आता, काका. बोटं चेमटतील.”

ते सोडेनात. ढोल आपोआप थांबला. लतिका पुढे आली आणि तिने दोन्ही हात माझ्या तळाखाली घातले.

“दादा,” ती म्हणाली, “मी नाही बोलणार. थोरला तू आहेस.”

माधवरावांनी मला छातीशी घेतलं.

“माल फेकून दे, आदेश,” ते म्हणाले. “देवी नाही ही. आमची ताई आहे. शालन.”