अमावस्येची तारीख

माझा मोहनदादा पंचांग फोनमध्ये घेऊन फिरतो. मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गचं घर त्याने मुहूर्त पाहून घेतलं आणि माझ्या मुलाची कोर्टाची तारीखही त्यानेच ठरवली.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. यतिन तेव्हा वीस वर्षांचा होता. मित्रांच्या नादाने दुकानातून हेडफोन उचलले आणि पकडला गेला. निकालाची तारीख पितृपक्षात आली, म्हणून दादाने वकिलाच्या मागे लागून ती दसऱ्यानंतर ढकलली. मधल्या नवरात्रात यतिनला एकवीस पूर्ण झाली. केक दादाच घेऊन आला होता आणि मी मूर्खासारखी खुशीत मेणबत्त्या लावत होते.

गेल्या डिसेंबरात नवा कायदा लागू झाला. शिक्षा सुनावताना वय एकविसाच्या आत असेल, तर असला गुन्हा पाच वर्षांनी नोकरीआधीच्या पोलीस चेकमध्ये दिसत नाही. एकवीस झालं असेल, तर दहा वर्षं थांबायचं. पितृपक्षातल्या त्या तारखेला उभा राहिला असता, तर यतिन आज मोकळा झाला असता. तसं झालं नाही. पोलीस चेक पाहून बँकेने दिलेली नोकरी काढून घेतली. माझं पोर अजून गोदामात खोकी भरतंय आणि दादा चारचौघांत सांगत फिरतो, की मी तारीख बदलली म्हणून भाचा वाचला. ते ऐकलं की माझं रक्त उकळतं.

जानेवारीत दादाकडे सगळेच कोविड पॉझिटिव्ह निघाले. मी डबा नेऊन पायरीवर ठेवला. दादा जाळीच्या दाराआडून बोलायला लागला. त्याच्या नचिकेतने लॉकडाऊनमध्ये मास्कवरून सुपरमार्केटच्या गार्डला ढकललं होतं, त्याचा निकाल लागायचा होता.

"चित्रा, त्याची डेट फर्स्ट फेबला आलीये. नेमकी अमावस्या गं. लॉयरला सांगून मार्चमध्ये ढकलतो. तुला काय वाटतं?"

नचिकेतचा वाढदिवस फेब्रुवारीच्या शेवटी असतो. मी विसरेन कशी? बारशाला त्याचं नाव मीच कानात सांगितलं होतं. आत्या आहे मी त्याची. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते ओठांवर आलंही.

"डॅड, कॅन वी जस्ट गेट इट ओव्हर विथ?" आतून नचिकेत म्हणाला.

"तू गप्प बस. यतिनच्या वेळी मी हेच केलं होतं. निभावलं ना सगळं?"

निभावलं म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"अमावस्येला नकोच, दादा," मी म्हणाले. "मार्चचीच घे."

"बघ, आत्यालाही पटलं," दादा आत वळून म्हणाला.

वांगी गरम करून खा, असं सांगून मी गाडीकडे निघाले. दार उघडता उघडता थांबले.

"आणि नचिकेत, बर्थडेला बाहेरून काही मागवू नका. एकविसाव्याचा केक मी आणणार आहे."