पांढऱ्या चौकोनाखाली

टोंगाच्या राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या त्या छापखान्यात मेलेआनाने गावातल्या कितीतरी मयतांच्या प्रार्थनापुस्तिका मांडल्या होत्या. आता तिच्याच नवऱ्याची, कितिओनेची पाळी आली. ऑकलंडच्या पुतण्याने पीडीएफ तयार करून पाठवली होती, नुसती छापायची होती.

तेवढ्यात नणंद आली, लवेनिया. मयताच्या उशाशी बहीण बसते आणि तिच्या शब्दापुढे बायकोने काय, पाद्र्यानेही बोलायचं नसतं.

"मुलांच्या नावांतून मोसेसेला काढ. माझ्या भावाला गिळलं त्याने."

"वन्सं, रस्त्यात डुक्कर आडवं आलं. ट्रक उलटला. चालवणाऱ्या पोराचा काय दोष?"

"ते देवाला विचार. त्याचं नाव राहिलं तर मी उशाशी बसणार नाही. मग पुर तुझ्या नवऱ्याला तूच!"

आणि बहिणीवाचून पुरणार कसं? मेलेआनाने मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडली. अशी उघडली की पानाच्या चिंध्या होतात, ओळन् ओळ सुटी होते. मोसेसेची ओळही सुटी झाली. ती पुसायला मात्र हात उचलेना. आईचाच हात तो! शेवटी तिने नावावर पांढरा चौकोन ओढला. वरून कोरं, खाली पोरगं शाबूत. बापाच्या कागदात त्याने लपून तरी राहावं. नवख्यांनी असली चलाखी केली की हीच बाई त्यांना फैलावर घ्यायची.

फाइल तिने नणंदेच्या फोनवर धाडली. लवेनियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ती सगळं फोनकडूनच वाचून घेई. फोनला पांढरा चौकोन कुठला दिसायला? तो आपल्या परक्या उच्चारात वाचत सुटला, "अना. मोसेसे. सेलू."

लवेनियाने फोन बंद केला.

"मला आंधळी समजलीस? काढ. माझ्यासमोर काढ."

मेलेआनाने चौकोन काढला आणि नाव पुसलं. मधे भगदाड पडलं. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने हात आपोआप चालले: सेलूला वर ओढलं, खालचा मजकूर सरकवला, ओळींमधलं अंतर सारखं केलं. स्वतःच्या हातांची तिला किळस आली.

दुपारी खोकी न्यायला मोसेसेच आला. एक हात गळ्यात बांधलेला, कमरेला सुतकाची फाटकी चटई. वरची पुस्तिका उघडून त्याने भावंडांची नावं वाचली. परत वाचली.

"हे तू मांडलंस, आई?"

तिला आत्याचं नाव घेता आलं असतं. पण हात तर तिचेच होते.

"हो रे."

त्याने दोन नावांच्या मधून अंगठा फिरवला.

"छान जमवलंस गं. मधे कुणी होतं असं वाटतच नाही."

आणि चांगल्या हाताने त्याने खोकं उचललं.