पाण्यातला जोड

येडगावच्या धरणात मासे कुठं बसतात, हे निजामनं दोरीला शिसं बांधून, तळ चाचपत शोधलं होतं. बुडालेल्या विहिरीच्या काठाशी. आज गळ तिथंच अडकला, म्हणून तो हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवरून त्या काठावर उतरला. पाणी गळ्याला लागलं आणि पाय कशात तरी गुंतला. हात घातला, तर मोटारीची केबल, आणि तिच्यावर गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी.

निजामनं ती ओळखली. गावचा वायरमन तोच, आणि पिशवीही त्याचीच. गेल्या महिन्यात टेप संपला, तेव्हा "जोड काय पाण्यात जायचा न्हाई, रखमाजीभाऊ," म्हणत त्यानं उघड्या तारांवर ती बांधली होती. मग पाणी आटलं, मोटारीचा मालक रखमाजीनं ती आणखी आत सरकवली, आणि जोड पाण्यात गेला.

या आठवड्यात शेतीची लाईट सकाळी दहाला यायची, आणि दहा वाजतच आले होते.

"भाऊ! मेन स्विच पाडा!" तो किंचाळला. पण काठावर असणार कोण? लाईट आली की मोटार आपोआप चालू व्हईल, तुमी खुशाल नारायणगावच्या बाजाराला जा, असं रखमाजीला सांगून ऑटो स्टार्टरही त्यानंच बसवला होता.

काठावरच्या पेटीवर लाल दिवा लागला. दिव्यानंतर मोटार किती वेळानं उठते, हे गावात एकट्या निजामला ठाऊक होतं. तीस सेकंद.

पाय सुटत नव्हता.