दारामागची छत्री

"खोटं वाक्य आहे. पुसा ते," दिनकरराव म्हणाले.

कडूबाईनं पाटीवर लिहिलं होतं, 'देअर इज अ लेडी बिहाइंड द डोअर.' शब्द बिहाइंड, अर्थ मागे, आणि वाक्य तिचं स्वतःचं: दारामागे एक बाई आहे. स्पेलिंग सगळी बरोबर. पण दिनकररावांनी मान वळवून पाहिलं, तर दारामागे खुंटीला काळी छत्री लटकत होती. दुसरं काय असणार!

"दारामागे छत्री आहे. तसं लिहा."

"छत्री बी हाय सर," कडूबाई म्हणाली. "पण म्या खोटं न्हाई लिवलं."

एवढं बोलून तिनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली. वाद घालायचा तिचा स्वभावच नव्हता. ती पिंगळी गावची. सेलूच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागून तिला वर्षही झालं नव्हतं. नर्सच्या ट्रेनिंगला दहावी लागते म्हणून तिनं या वयात बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राशीला बसलं होतं. सकाळची ड्यूटी संपली की दुपारी ती दिनकररावांकडे यायची आणि शब्द, अर्थ, वाक्य असं घोटत बसायची.

दिनकररावांची शिकवायची तऱ्हा सगळ्या सेलूला माहीत. माणूस तसा देवमाणूस, पण गाइडमधलं वाक्य दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. गाय उपयुक्त प्राणी आहे म्हणे! अरे, तुझ्या दावणीला शेळी तरी आहे का? वाक्य आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे, नाहीतर पुसायचं, हा त्यांचा नियम. त्या नियमापायी उभ्या गावाची अंडीपिल्ली त्यांना ठाऊक झाली होती. कुणाच्या जिनिंगमध्ये कापूस भिजला, कुणाच्या सासूनं सुनेशी अबोला धरला, सगळं पोरांनी त्यांना शुद्ध इंग्रजीत सांगितलेलं. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाले तरी नियम काही सुटला नाही.

या नियमाची पहिली विद्यार्थिनी म्हणजे त्यांची बायको सुमंगला. लग्नानंतर भाकरी थापता थापता तिनं इंग्रजी शिकायला घेतलं. इनफ शब्दाला तिनं वाक्य केलं होतं, 'वन भाकरी इज नॉट इनफ फॉर हिम,' आणि हसता हसता तिची तव्यावरची भाकरी करपली होती. मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार असा शब्द आणि वाक्यं यांच्यावरच हसतखेळत चालला होता.

ती सुमंगला विद्यापीठाच्या नामांतराच्या पहिल्या दंगलीच्या दिवसांत माहेरी राणीसावरगावला म्हणून निघाली. आई आजारी होती. दाराशी येऊन तिनं "येते" म्हटलं, तेव्हा दिनकरराव पेपर तपासत होते. त्यांनी मान वर केली नाही. आभाळ भरून आलेलं असूनही ती छत्री विसरून गेली, हे दिवेलागणीला त्यांच्या लक्षात आलं. मग एसट्या बंद पडल्या, गावोगाव दलितांची घरं पेटली, कुणाचा निरोप कुणाला पोचेना. त्यांना वाटलं ती माहेरी सुखरूप आहे. माहेरच्यांना वाटलं ती निघालीच नसेल. उलगडा झाला तेव्हा फार उशीर झाला होता. स्टेशनं पालथी घातली, पोलिसांत गेले, नदीकाठची गावं पायी फिरले. सुमंगला मिळाली नाही, तिची पिशवीसुद्धा नाही.

आता बारा वर्षं भरत आली होती. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांची, दर्भाची आकृती करून तिलाच अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. सुमंगलाचा भाऊ व्यंकटराव त्यासाठी महिनाभर खेटे घालत होता. परवाही येऊन बसला. चहा गार होऊ दिला आणि शेवटी म्हणाला, "दाजी, आईचं आता काही खरं न्हाई. तिच्या डोळ्यांदेखत अक्काला वाट करून द्या. गंगाखेडला सगळी तयारी करतो, तुमी फक्त हो म्हणा."

दिनकरराव संतापले. जित्या बाईला जाळू काय, म्हणाले. पाहिलंय का कुणी तिला मेलेली? न पाहिलेलं वाक्य आपण बोलत नाही! व्यंकटराव बिचारा डोळे पुसत निघून गेला. ज्या दिवशी आपण हो म्हणू त्या दिवशी सुमंगला खरोखर मरेल, ही एकच भीती दिनकररावांच्या पोटात बसली होती.

आणि त्यात ही कडूबाई. दुसऱ्या दिवशीचा शब्द होता हंग्री. कडूबाई पाटीवर ओणवी झाली, लिहिता लिहिता एकदा दाराकडे पाहिलं आणि पाटी पुढे केली. 'द लेडी इज हंग्री.' बाई उपाशी आहे. दिनकररावांनी स्वतःच फडकं फिरवलं. त्या दिवशी बाहेर रणरणतं ऊन होतं, पण दारापाशी फरशी ओली होती. मांजरीनं तांब्या लवंडला असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं. घरात मांजर नव्हती.

मग बॅग शब्द आला आणि बाईच्या हातात पिशवी आली. तेव्हा मात्र त्यांचा पारा चढला. कुणी शिकवून पाठवलं तुला, व्यंकटरावानं का, असं त्यांनी ओरडून विचारलं. कडूबाई गोंधळून गेली. तिला कोण व्यंकटराव हेही ठाऊक नव्हतं.

"सर, त्या तुमच्या मालकीणबाई न्हाईत का?" ती म्हणाली. "मला वाटलं, परक्याम्होरं येत नसतील. रोज उभ्याच ऱ्हातात म्हून मला बी बसायला अवघड वाटायलंय."

दिनकरराव खाली बसले. त्यांनी विचारलं, बाई दिसते कशी?

कडूबाईनं दाराकडे पाहिलं. आजाऱ्याच्या खाटेकडे पाहावं तसं, नीट आणि न घाबरता. हिरवं लुगडं आहे, म्हणाली. काठ पार भिजलेत. डाव्या अंगठ्याला धोतराची चिंधी बांधलीय, तिला रगत लागलंय.

निघायच्या दिवशी सकाळी विळीवर सुमंगलाचा अंगठा कापला होता. आपल्या जुन्या धोतराची पट्टी फाडून दिनकररावांनीच तो बांधला होता. ही गोष्ट त्यांनी पोलिसांना सांगितली नव्हती, व्यंकटरावाला नाही, कुणालाच नाही. ते उठून दाराशी गेले, छत्रीमागच्या भिंतीवर हात फिरवून पाहिला. भिंत विहिरीच्या आतल्या दगडासारखी गार होती. त्यांना मात्र काही दिसेना. बारा वर्षं ज्या तोंडासाठी जीव टांगणीला लावला, ते हातभरावर असून दिसू नये! ते कपाळ भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले.

कडूबाई उठून गेली नाही. रडणाऱ्या माणसांजवळ बसायची तिला सवय होती. दिनकररावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, जागेवर येऊन बसले आणि उद्याचा शब्द आजच दिला. वेट. अर्थ वाट पाहणे, थांबणे.

तिनं सावकाश लिहिलं, 'द लेडी इज वेटिंग.'

"कशासाठी थांबलीय?" त्यांनी विचारलं. "येऊन बस म्हणावं की. घर तिचंच आहे."

"त्यांना बसायचं न्हाई सर," कडूबाई हळू आवाजात म्हणाली. "त्यांना निघायचंय. पन तुमीच वाट बघायलाव, मग घरची बाई तशीच कशी निघून जाईल?"

त्या वाक्यावर दिनकररावांनी फडकं फिरवलं नाही. संध्याकाळी त्यांनी व्यंकटरावाला पत्र टाकलं.

गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर सगळं रीतसर झालं. पानांची आकृती होती मोठी मायेनं केलेली, व्यंकटरावानं तिला हिरवं खणाचं कापड गुंडाळलं होतं. अग्नी देताना दिनकररावांनी तिच्या अंगठ्याच्या जागी एक चिंधी बांधली, तेव्हा गुरुजींनी हे काय म्हणून विचारलं. त्यांनी फक्त गाठ घट्ट केली. दहाव्या दिवशी पिंड मांडला. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. व्यंकटरावानं हात जोडून आईला सांभाळीन म्हणून सांगितलं. कावळा हलला नाही. गुरुजींनी काय काय सुचवलं, ते सगळं बोलून झालं. ऊन डोक्यावर आलं आणि माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

मग दिनकरराव पुढे झाले. पाण्याकडे तोंड करून, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, ते तिच्याशी बोलत तसे इंग्रजीत बोलले. "सुमंगला, आय ॲम नॉट वेटिंग."

मी वाट पाहत नाही. जन्मभरात त्यांनी केलेलं हे पहिलं खोटं वाक्य.

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

सेलूला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी कडूबाई आली. तिनं सरांचं क्षौर केलेलं डोकं पाहिलं आणि ती पाटी घेऊन नेहमीच्या जागी बसली. खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. दारापाशी फरशी कोरडी ठणठणीत होती.

दिनकररावांनी शब्द दिला. बिहाइंड.

"हा झालाय सर."

"पुन्हा करा."

कडूबाईनं दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दिनकरराव तिच्या तोंडाकडे पाहत होते. मग ती पाटीवर ओणवी झाली आणि पेन्सिल कुरकुरत चालली.

'देअर इज ॲन अम्ब्रेला बिहाइंड द डोअर.'

"आणखी काही?" दिनकररावांनी विचारलं.

"न्हाई सर. छत्रीच हाय."

वाक्य बरोबर होतं. दिनकररावांनी खडू उचलला आणि पाटीच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली.