दोन गोळ्यांतली एक

आमचे हे फोटोंना चौकटी करून देतात. काच कापायची म्हणजे बोटं कापणारच, त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. पण अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून नुसता ओरखडा उठला तरी रक्त थांबेना. एकदा तर गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोवर थेंब पडला, बरोब्बर नवरीच्या गालावर. गिऱ्हाईक तणतणत गेलं. हे म्हणाले, "लाजली असेल!" मला मेलीला हसू येईना.

डॉक्टरबाईंनी तेव्हा चित्र काढून समजावलं होतं. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेली, अडलेल्या जागी फुगा फुगवला आणि रक्तवाहिनी परत आवळू नये म्हणून जाळीचा स्टेंट तिथेच ठेवला. एवढं ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. पुढे त्या गोळ्यांचं सांगत होत्या, मी नुसती मान हलवत होते. वाट मोकळी झाली ना, मग झालं तर!

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दोन होत्या. त्यातली एक मी काढून टाकायला लागले. यांना सांगितलं नाही, सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. गोळ्या मीच देते आणि हे न बघता घशात टाकतात. थोड्याच दिवसांत बोटांचं रक्त पटकन थांबायला लागलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मूर्ख कुठली!

आज दुपारी हे काच कापता कापता खाली बसले, घामाने डबडबलेले. परत तेच इस्पितळ, परत तोच फुगा.

"थोडक्यात वाचलात," डॉक्टरबाई यांच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या. "स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. जाळीवर आतून अस्तर धरेपर्यंत तिथे रक्त गोठायला बघतं, म्हणून तर दोन गोळ्या. एखादी चुकली का?"

"छे! बायको देते माझी. सूर्य उगवायचा चुकेल, ती नाही चुकायची."

डॉक्टरबाईंनी यांचा कागद पुढे ओढला.

"मग ही गोळी तुम्हाला लागू पडत नाही असं दिसतंय. याहून जोरकस द्यावी लागेल. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो, पण इलाज नाही."

आता गप्प बसले असते तर दुसऱ्यांदा मारलं असतं मी यांना. "ती गोळी मीच बंद केली," मी म्हणाले. "बोटांचं रक्त थांबत नव्हतं म्हणून."

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "तिला बोलू नका. मीच सांगितलं होतं तिला. कंटाळलो होतो पट्ट्या बांधून."

गिऱ्हाइकाला काचेची जाडीसुद्धा खोटी न सांगणारा माणूस हा! डॉक्टरबाई यांच्यावर बरसल्या, जिवावर उदार झाला होतात का म्हणाल्या, आणि हे शाळेतल्या पोरासारखे ऐकत राहिले. गप्प बस म्हणून माझा हात दाबला. मला इतकी लाज वाटली की धरणी पोटात घेईल तर बरं.

मी हात सोडवून घेतला. "हे खोटं बोलतायत. यांना माहीतच नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

त्या बोलल्या. चांगलंच बोलल्या. आधीच्याच दोन गोळ्या लिहून दिल्या आणि निघून गेल्या.

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काय गं, अजून काय काय परस्पर काढून टाकतेस माझं?"

नेहमीच्या चेष्टेच्या सुरातच विचारलं. पण उत्तरासाठी थांबले होते.