परदेशी गेलेल्याची गाडी

नोरीनचा नवरा ग्रेडी पोलिसांच्या पथकातून हैतीला गेला, आणि पाठोपाठ ठाण्याची गाडीही हैतीला गेली. वरच्या साहेबांचं डोकं अफाटच. परदेशातल्या पथकाला दणकट गाड्या हव्या होत्या, तर कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या पार उत्तरेला, पाइन नॅरोजसारख्या टीचभर गावातल्या ठाण्याच्या दोनातली एक उचलली. इंजिन गरम ठेवायची वायर तिच्या तोंडातून तशीच लोंबत होती. ग्रेडीने फोनवर सांगितलं, इथली पोरं विचारतात, साहेब, तुमची गाडी विजेवर चालते का? नोरीन पोट धरून हसली. पोट होतंही धरण्याजोगं, सातवा महिना होता.

शेजारच्या क्वार्टरमध्ये हवालदार अँसेल्म चारलेट राहायचा. इथल्याच क्री आदिवासींपैकी, पन्नाशीचा, एकटा. हैतीसाठी त्याचंही नाव गेलं होतं, पण निवड झाली ग्रेडीची. तेव्हापासून तो नोरीनला बघून नुसती मान हलवायचा आणि चालू पडायचा. पुढे ऐन कडाक्याच्या थंडीत त्याने गाडी चालवणंही सोडलं, पायीच ठाण्यावर जायचा. म्हातारा रुसलाय, असं नोरीनने धरून टाकलं. तिला रागही यायचा. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?

डिसेंबरात पारा उणे चाळीसवर गेला. अशा वेळी गाडीची वायर रोज संध्याकाळी भिंतीच्या प्लगला लावायची असते. नाही लावली, तर सकाळी दारात गाडी नाही, लोखंडाचा ठोकळा उभा असतो. नोरीन व्हँकूवरकडची, पावसात वाढलेली. घराबाहेर प्लग एकच. ग्रेडीला फोनवर नाताळची रोषणाई दाखवायची म्हणून तिने गाडीची वायर काढली आणि तिथे दिव्यांची माळ लावली. दिवे बघून तो तिकडे रडलाच. मग माळ काढायला बाईचा हात धजेना. गाडी राहिली तशीच पडून. तिला कुठे जायचं होतं? बाळंतपणासाठी ला राँजच्या इस्पितळात जायला अजून पंधरवडा होता.

आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. दवाखान्यातली नर्स धावत आली, तपासलं, आणि तिचा चेहरा उतरला. बाळ पायाळू होतं. हे काम माझ्या हातचं नाही, आत्ताच्या आत्ता ला राँजला निघायला हवं, असं तिने स्पष्ट सांगितलं. धुक्यामुळे विमान येणार नव्हतं. दवाखान्याची गाडी सकाळीच दुसरा पेशंट घेऊन गेलेली. ठाण्याची उरलेली एकुलती एक गाडी तळ्यापलीकडे अपघातावर. नर्सने मदतीसाठी ठाण्यावर कळवलं आणि नोरीनला विचारलं, तुमची गाडी कुठाय?

नोरीनने वळून पाहिलं. खिडकीबाहेर दिवे लुकलुकत होते. त्या दिव्यांपायी मी माझ्या लेकराचा जीव घालवला, असं म्हणत ती हुंदके देऊ लागली. नर्सने तिला दटावलं, कोट चढवला आणि धरून गाडीपर्यंत नेलं. प्रयत्न तरी करू, म्हणून किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली.

नर्सने खाली वाकून पाहिलं. बोनेटखालून एक नारिंगी वायर निघाली होती, बर्फाखालून सरपटत थेट अँसेल्मच्या भिंतीपर्यंत गेली होती. तेवढ्यात तो स्वतःच ठाण्याकडून धापा टाकत आला, वायर उपटली आणि स्टिअरिंगवर बसला. त्याची स्वतःची गाडी पलीकडे बर्फात थिजून उभी होती.

"तुमची गाडी थंड ठेवलीत?" नोरीनने मागून विचारलं.

"एका प्लगवर दोन चालत नाहीत. फ्यूज उडतो."

"मला वाटलं, तुम्ही रागावलाय आमच्यावर."

"रागावलोच होतो. नाव माझं लागायला हवं होतं." त्याने गाडी रस्त्याला घातली. "पण परदेशी गेलेल्याची गाडी मागे राहिलेल्याने गरम ठेवायची, ही इथली रीत आहे पोरी. मी असाच पथकातून कोसोवोला होतो तेव्हा माझीही कुणीतरी ठेवली होती. राग वेगळा, गाडी वेगळी. आता बोलू नकोस, श्वास घे."

पोर वाचली, आईही वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. अँसेल्मचे उपकार कसे फेडायचे ते नोरीनला कळेना. त्याचं नाव काढलं तरी तिला भरून यायचं. तो मात्र पुन्हा मान हलवून चालू पडायचा.

पुढच्या थंडीपर्यंत ग्रेडी परत आला आणि अखेर अँसेल्मचा नंबर लागला. तो गेला त्या दिवसापासून नोरीन रोज संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन शेजारच्या अंगणात जाते, त्याच्या गाडीची वायर त्याच्याच भिंतीला लावते. एकदा ग्रेडी दारातून हसला. म्हणाला, "अगं, तो एकटा जीव, गेलाय हैतीला. ही गाडी लागणार कुणाला?"

नोरीनने प्लग घट्ट दाबला आणि लेकीची टोपी कानांवर ओढली.

"गेल्या वर्षी त्याला तरी कुठे ठाऊक होतं?"