तेल कोणी लावलं

"डोकं पुढे कर. मान आहे की खुंटा?"

सासूबाई अंगणातल्या दगडावर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांशी, जमिनीवर, आमचे हे. साठीला टेकलेला माणूस. रब्बी पदाया, धर्मशास्त्र शिकवणारे. तिकडे त्सिप्पोरी शहरापर्यंत लोक ह्यांचा निवाडा मानतात, आणि इथे शुक्रवारी, शब्बाथचा विसावा लागायच्या आधी, आईकडून डोक्याला तेल लावून घेताना तोंड वाकडं.

"आई, पुरे. पाहुणे येतील."

"येऊ देत. त्यांना काय आया नाहीत?"

तेल मानेवरून ओघळलं. मी नेहमीसारखं फडक्यानं पुसलं आणि हसले. पाहुणे आयांसाठीच येत होते.

आमच्या मुलीला याजकांच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या, घरातून मागणी आली होती, आणि तिथे सून न्यायची तर तिच्या आया-आज्या तपासतात. बापांची चौकशी कोणी करत नाही. पुरुष भांडायला उभे राहिले की एकमेकांच्या बापजाद्यांची धुणी चव्हाट्यावर धुतातच, त्यामुळे त्यांचं सगळं गावाला ठाऊक असतं. बायकांचं विचारावं लागतं.

मुलीची आई

म्हणजे मी, मार्था. मुलाचा मामा पिन्हास अंजिरांच्या ताटापुढे बसला. त्यानं माझं माहेर विचारलं, मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. माझं सगळं आयुष्य तेवढ्यात आटपलं.

आईची आई

हिची साक्ष द्यायला माझा थोरला भाऊ आला होता. तो बोलायला लागला की थांबत नाही. पिन्हास दोनदा म्हणाला, "पटलं, पटलं," तरी तो आमच्या आईच्या गुडघेदुखीपर्यंत पोचलाच. दाराआड शप्पीरा, आमची मुलगी, तोंडात पदर कोंबून हसत होती.

बापाची आई

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. रोमनांच्या लढाईच्या वर्षी सासूबाईंना अंजिराच्या झाडाखाली एक तान्हं पोर सापडलं. टाकून दिलेल्या पोराचे आईबाप कोण, हे कळत नाही. म्हणून मोठेपणी त्याला आमच्यातली बायको करता येत नाही, त्याच्या पोरांनाही कोणी आपल्यात घेत नाही. पण पोराच्या अंगाला तेल चोळलेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ते जगावं असं आईबापांना वाटत होतं. त्यांनी ते टाकलं नव्हतं, लढाईनं हिसकावलं होतं. त्याच्यावर डाग नाही. सासूबाईंनी तेव्हा पंचांना सांगितलं होतं, अंगाला तेल होतं. त्या एका शब्दावर हे वाढले, शिकले, न्यायाच्या बाकावर बसले. त्या एका शब्दावर माझं लग्न झालं.

मलकिया कुंभाराला असा शब्द मिळाला नाही. तोही सापडलेलाच. ज्या बाईनं त्याला उचललं, तिनं आधी सांगितलं, पोर उघडं होतं, अंगावर काही नव्हतं. पुढे त्याचं लग्न ठरलं तेव्हा ती रडत आली. म्हणाली, गळ्यात ताईत होता, तीही तेलासारखी मायेचीच खूण, पण घाबरून मी लपवला. ह्यांनी ऐकून घेतलं नाही. "पंचांपुढे एकदा सांगितलं ते सांगितलं." लग्न मोडलं. मलकिया अजून एकटाच आहे.

पिन्हासनं आपलं विचारायचं म्हणून विचारलं. "आजी, रब्बी सापडले तेव्हा अंगाला तेल होतं ना?"

"होतं तर! टाळूपासून टाचेपर्यंत."

"झालं तर मग." त्यानं एक अंजीर उचललं.

"मीच लावलं ना! दुसरं कोण लावणार? आणलं तेव्हा मातीत लडबडलेलं, काळंनिळं पडलेलं. धुतलं, चांगलं चोळचोळून तेल लावलं, मग नेलं दाखवायला. तसंच घाणेरडं नेऊ काय पंचांपुढे? आई आहे मी त्याची!"

अंजीर हातातच राहिलं. दाराआडचं हसू थांबलं.

पिन्हास वाईट माणूस नाही. त्यानं घसा खाकरला. "वय झालं की माणूस काहीबाही बोलतो. आणि रब्बी, तुम्हीच शिकवता, एकदा सांगितलं ते सांगितलं. पहिली साक्ष उभी आहे. आजचं आम्हाला ऐकायचं कारण नाही."

ह्यांनी दाराकडे बघितलं, जिथे शप्पीरा उभी होती.

"हो," हे म्हणाले. "सांगितलं ते सांगितलं."

द्राक्षारस ओतला गेला. लग्न ठरलं. पाहुणे उठल्यावर सासूबाईंनी हळूच विचारलं, "पदाया, मी काही चुकीचं बोलले का रे?"

"नाही, आई. खरं तेच बोललीस."

(इथे कुंभार येतो. तो कोणाच्याच आयांत बसत नाही.)

लग्नाच्या घागरी सांगायला मी मलकियाकडे निघाले, तर हेही मागोमाग आले. चाकापुढे उभं राहून ह्यांनी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मलकियानं चाक थांबवलं नाही.

"म्हणजे नियम तोच," तो म्हणाला. "तुमच्या आईचं पहिलं बोलणं धरलं. माझ्या म्हातारीचंही पहिलंच धरलं होतं. यात खोट कुठे काढू, रब्बी? शिकलेले तुम्ही."

"मी निवाडा मागायला नाही आलो."

"मग कशाला आलात?"

मलकियानं चिखलाचे हात पुसले आणि माझ्याकडे वळला. "बाई, घागरी मोठ्या हव्यात की मध्यम?"

पुन्हा मुलीची आई

शप्पीराला सासरी पोचवून आलो त्याच दिवशी ह्यांनी आपलं अंथरूण गुंडाळलं आणि माडीच्या शिडीवर पाय ठेवला.

"हे काय?"

"मुलीला नियम पुरतो, मार्था. मला नाही पुरत. मी माझ्या कानांनी ऐकलंय. मी कोण ते मला माहीत नाही, आणि अशा माणसानं तुझ्याजवळ राहू नये."

"मला विचारलंत?"

"नियम विचारत नाही."

"नियमाला कुठे विचारतेय? तुम्हाला विचारतेय. इतकी वर्षं मग माझ्याजवळ होतं तरी कोण?"

घोंगडीचं टोक शिडीच्या पायरीला अडकलं होतं. ह्यांचे दोन्ही हात भरलेले. ना वर जाता येत होतं, ना खाली. मीच ते सोडवून दिलं.

बापाच्या आईची आई

हिच्याबद्दल पिन्हासनं विचारलंच नव्हतं.

हे आता न्यायाच्या बाकावर बसत नाहीत. सभाघरात दाराजवळ, मलकियाच्या शेजारी बसतात. लोकांना वाटतं, लेक गेली म्हणून मन उडालंय. सासूबाईंनाही तसंच वाटतं.

"पदाया! ये, डोकं पुढे कर."

हे माडीवरून उतरले, आईच्या पायांशी बसले. कुरकुर नाही. मान इतकी वाकवली की कपाळ तिच्या गुडघ्यांना टेकलं.

"आज बरा शहाण्यासारखा बसलास," सासूबाई म्हणाल्या आणि नेहमीपेक्षा जास्तच तेल ओतलं.

ते कानामागून मानेवर आलं, मानेवरून खाली ओघळायला लागलं. मी फडकं घेऊन पुढे झाले. ‘तुझ्याजवळ राहू नये’ आठवलं, दोन पावलांवर थांबले, आणि फडकं सासूबाईंच्या हातात दिलं.